बी साइडच्या शेवटी आलेलं नाव

बी साइड संपत आली होती. गिऱ्हाइकाने परत आणलेली कॅसेट मी मशीनवर लावून तपासत होतो. तेवढ्यात स्पीकरमधून गायक संभाचा आवाज आला, "माणिकमामानं सांगितलं नसतं तर हे गाणंच झालं नसतं. टँकरची रोजची तिसरी खेप बंगल्यावर जाती, हे आपल्याला कुठून कळणार?" मागे पोरं खो खो हसत होती. माझ्या हातातला चहा स्टुलावर सांडला. हीच कॅसेट तीन दिवसांपूर्वी दुकानांत गेली होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा काहीच वर्षं झाली होती. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी घर हवं म्हणून बंगल्यांची घाई. मी अप्पांच्या कॅसेट कंपनीत रेकॉर्डिस्ट होतो. कंपनी म्हणजे कापडाच्या दुकानामागची एक खोली. भिंतींना गोणपाट, दोन माइक, एक मिक्सर. अप्पा लिंगायत, पिढीजात कापडवाले. शंकराच्या आरत्या आणि भजनं काढायचे. मी रेडिओ दुरुस्तीतून आलेला माणूस, पण ते मला कौतुकाने 'इंजिनेर' म्हणत.

अशा कंपनीत बोंब पार्टी आली ती माझ्या हट्टामुळे. चार पोरं. दोघांच्या गळ्यात हलग्या, एकाकडे बेंजो, म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, तेही कर्कश भोंग्याला जोडलेलं. चौथा संभा. तो गायचा म्हणजे घसा फाडून ओरडायचा. चौकात, बसस्टँडसमोर, कुणाला न विचारता. पुढे कितीतरी वर्षांनी मुलीने मला विलायतेतली पंक गाणी ऐकवली, तेव्हा मी तिला म्हणालो, ही तर आमच्या बोंब पार्टीची चुलत भावंडं.

त्यांचं गाजलेलं गाणं टँकरचं. 'टँकर गेला कुठं? बंगल्याच्या भिंतीत!' वाड्या-वस्त्यांवर जायचं पाणी ठेकेदार बांधकामाला विकतो, असं त्यात होतं. ठेकेदाराचं नाव नव्हतं, पण कळायचं त्याला कळत होतं. माणिकमामा त्याच ठेकेदाराच्या टँकरवर ड्रायव्हर होते, संभाच्या गल्लीत राहणारे. ही खबर त्यांनीच दिली होती.

आता माझी चूक. गाणं संपलं की पोरं हुश्श करून गप्पा मारायची आणि टेप चालूच राहायची. अप्पांचा एक नियम होता : गिऱ्हाइकाला रिकामी टेप द्यायची नाही. बी साइडला चार मिनिटं उरली होती. मी ती गप्पांनी भरली. पहिलं मिनिट ऐकलं, हशा छान वाटला, पुढचं ऐकलंच नाही. मूळ टेपला आम्ही मास्टर म्हणतो. मास्टरवरून कॅसेटी काढायचं मशीन दुप्पट वेगाने चालतं, त्यात माणसाचा आवाज चिमणीसारखा येतो. तिथेही कुणाला कळायचा प्रश्न नव्हता.

अप्पांना ऐकवलं तेव्हा ते खाली बसले.

"इंजिनेर, हे काय करून ठेवलास?"

"चुकलो, अप्पा."

"ह्या ठेकेदारानं गेल्या साली एका ड्रायव्हरचे हात मोडलेत. कोर्टात एक जन बोलला न्हाई."

संभाला बोलावलं. तो एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा, पण आपलाच आवाज ऐकून पांढरा पडला. म्हणाला, "मामा उद्या सकाळी विहिरीवर टँकर भरायला असतेत. जाऊन सांगतो."

"अजिबात न्हाई," अप्पा म्हणाले. "तिथं त्याचा सुपरवायजर बसून असतो. तू मामापाशी गेलास की नाव पक्कं झालं म्हनून समज. आधी कॅसेटी गोळा करा."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या विहिरीकडे पाऊल टाकायची माझी छाती नव्हती.

एकूण पन्नास कॅसेटी होत्या. लातुरातल्या त्याच दिवशी परत आणल्या, दोन गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन बदलून दिल्या. दुसऱ्या दिवशी एसटीने चाकूर गाठलं. प्रत्येक दुकानात एकच थाप : "आवाजात खरखर आली आहे, बदलून देतो." रस्त्यात समोरून टँकर आला की मी खिडकीतून मान आत घ्यायचो. मला कोण ओळखणार होतं? तरी घ्यायचो.

अहमदपूरला स्टँडजवळच्या दुकानदाराने नऊ कॅसेटी काढून दिल्या. दिल्या होत्या दहा.

"एक खपली की," तो म्हणाला.

"कुणाला?"

"नाव कुठं इचारतो आपन? टँकरवरचा मानूस होता. टँकर उभा केला, हीच पायजे म्हनला, घेऊन गेला."

टँकरवरचा माणूस म्हणजे ठेकेदाराचा माणूस. हीच पाहिजे म्हणाला, म्हणजे मालकाने मागवली. परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मामांच्या गल्लीत कुणी फिरकायचं नाही, असं ठरलं होतं. संभा तर स्वतःच्याच घरी न जाता मावशीकडे राहिला. मी सकाळी कुलूप काढताना आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघायचो. जेवणाचा डबा तसाच घरी परत न्यायचो.

आठव्या दिवशी दुपारी जीप दारात थांबली. ठेकेदार स्वतः उतरले. पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर भस्म.

"अप्पा, आईसाठी शंकराची आरती द्या."

अप्पांनी कॅसेट दिली.

"त्या हलगीवाल्या पोरांची कॅसेट तुमचीच का?"

"होती, मालक. संपली."

"लई मोठ्यानं बोलतेत पोरं," ते म्हणाले, माझ्याकडे बघून हसले आणि गेले.

जीपचा आवाज विरल्यावर अप्पांनी भिंतीवरच्या शंकराच्या तसबिरीला हात जोडले. त्यांना काहीच माहीत नाही, नाहीतर हसत गेले असते का, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी एक माणूस आला. पन्नाशीचा, डाव्या डोळ्याखाली काळंनिळं. त्याने शर्टाच्या खिशातून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. आमचीच होती.

"मी माणिक," तो म्हणाला. "अमदपूरला घेतली. पोरं म्हनली होती, मामा, तुमच्या टँकरचं गानं निघालंय. गाडीत टेप हाय आपल्या. बिघडला होता, नीट झाल्यावर इहिरीवर लावली. समदे ड्रायव्हर नाचायले. गानं संपलं तरी मी बंद केली न्हाई. मग माझं नाव आलं. मी हसलो बगा आधी. मागं वळून बगतो तर सुपरवायजर उभा."

"कधी?" मी विचारलं.

"परवा. परवाच काढून टाकलं."

म्हणजे ठेकेदार आरती न्यायला आले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

मामांनी आवाज चढवला नाही. मला वाटत होतं, चढवावा.

"येवढंच सांगा," ते म्हणाले. "माझं नाव हाय, हे तुमाला म्हाईत होतं का?"

"होतं."

"कवापासून?"

"नऊ दिवस झाले."

"मग मला का न्हाई सांगितलं? मी लावली नसती की."

मी कॅसेट उचलून उगीच तिची टेप घट्ट करत बसलो. मामा पायऱ्या उतरून गेले. पुढे धर्माबादला मिरचीच्या ट्रकवर लागले, असं संभाकडून कळलं. माझी भेट परत झाली नाही.

त्यानंतर मी तीसेक वर्षं रेकॉर्डिंग केलं. गाणं संपलं की आधी टेप बंद, मग वाहवा, ही शिस्त लागली ती तेव्हापासून. पण खरा धडा तो नाही. आपल्या चुकीचा फटका ज्याला बसणार, त्याला सगळ्यात आधी गाठावं. आम्ही अहमदपूरपर्यंत जिवाच्या आकांताने धावलो. मामांचं घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर होतं.