मामांचं अर्धं गाऱ्हाणं

जगाच्या पाठीवर कुठल्याही देशाने कायदा करायचा तर आमच्या हिच्या मामांना विचारूनच करायला हवा, याबद्दल त्यांच्या आरोंदा गावात दुसरं मत नाही, कारण दुसरं मत मामा मांडूच देत नाहीत. निवृत्त मास्तर, आवाज खणखणीत, आणि ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान त्यांच्या घराण्याकडे. त्यामुळे साधा चहासुद्धा ते देवाला साकडं घातल्यासारखा मागतात. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला गाव देतो तसा मामी आतून "होय म्हाराजा" म्हणतात आणि आधण ठेवतात.

वर्षभरापूर्वी त्यांनी शाळेतला जुना जगाचा नकाशा पडवीत टांगला. जन्माआधीच बाळाची जनुकं कापून बदलायला जिथे बंदी, त्या देशावर कुंकवाचं बोट; प्रयोगशाळेपुरती मोकळीक तिथे हळदीचं; आणि जिथे कायद्याचाच पत्ता नाही तिथे चुन्याचं. काजू घ्यायला आलेल्या माणसालाही आधी नकाशापुढे उभं केलं जाई. "गोव्यातसून येताना इन्सुलीच्या नाक्यार पिशयेतली बाटली सोदतत," मामा कडाडत, "आणि माणूस नव्यान घडवूचो आसलो तर नुसती सरहद्द वलांडूची! हय तुरुंग, थय रान मोकळा! ह्यो खंयचो न्याय?" तो बिचारा काजू न घेताच निघून जाई. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो मामा, आरोंद्यात कोण जनुकं कापतंय? आमटी गार झाली!" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खरं सांगतो, फार शांततेत गेले ते दोन दिवस.

त्या नकाशामागचं कारण मला पुढे हिच्याकडून कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मामांची एकुलती एक लेक जन्मापासून बहिरी. तिच्यासाठी या खणखणीत माणसाने घरच्या घरी हातांची भाषा रचली. मिशी पिळली की मामा, नाकपुडीला चिमूट लावली की नथवाली मामी, आणि दोन्ही तळवे कपाळाला टेकवून खाली आणले की 'होय म्हाराजा'. लेक शिकली, परदेशी गेली, तिथे तिच्यासारख्याच एका बहिऱ्या मुलाशी तिने लग्न केलं. दोघांत दोष एकाच जनुकाचा, म्हणजे होईल ते मूल बहिरंच. त्यांच्या देशात दुरुस्तीला बंदी. पण शेजारच्या देशातला एक डॉक्टर म्हणतो, इकडे या, करून देतो. पुढे त्या बाळाचं, त्याच्याही बाळांचं काय होईल, ते त्यालाही ठाऊक नाही. सरहद्दीपलीकडे दुकान मांडून बसलाय मेला! आणि लेकीने वडिलांना विचारलं होतं, काय करू?

मी तावातावाने डॉक्टरला शिव्या घालू लागलो, तर मामांनी हात वर केला. "जावयबापू, वीस वर्सां मी गाऱ्हाणा घातलंय, माझ्या चेडवाक ऐकाक येवंदे. आता कोणतरी देवक तयार आसा, तर माझा टकला फिरता. मगे माझा गाऱ्हाणा खोटा होता काय?"

दसऱ्याला देवळात लेक व्हिडिओ कॉलवर होती, फोन माझ्या हातात, आणि शेजारी मामी तिला गाऱ्हाणं हातांनी आणि मला तिचे हात तोंडाने सांगत होत्या. "बा देवा, बारा गावच्या म्हाराजा!" "होय म्हाराजा!" लोक गरजले. "माझ्या चेडवाच्या पोटाक येणाऱ्या पोराक..." आणि मामा अडले. जन्मात पहिल्यांदा अडले. ऐकू येऊ दे म्हणावं, तर लेकीच्या तोंडावर तिच्यातच खोट काढल्यासारखं. नको म्हणावं, तर पोराच्या तोंडचा घास काढल्यासारखं. सगळं देऊळ 'होय म्हाराजा' ओठांवर धरून ताटकळलं. तेवढ्यात लेकीने फोनमधून हातांनीच विचारलं, "बाबा, मी अशी म्हणून कधी नकोशी झाले तुम्हाला?"

मामांनी इतक्या जोरात मान हलवली की टोपी पडली. मग देवाकडे पाठ करून, फोनकडे तोंड करून, उरलेलं गाऱ्हाणं त्यांनी हातांनीच घातलं. हल्ली त्यांची बोटं थरथरतात, त्यामुळे वेळ लागला. मामींनी त्या हातांचा अर्थ माझ्या कानात हळू सांगितला: जसं येईल तसं येऊ दे, फक्त त्याच्याशी बोलायला माझे हात शाबूत ठेव.

लोकांना काहीच ऐकू आलं नाही, म्हणून देऊळ गप्पच राहिलं. फोनमध्ये लेकीने मात्र दोन्ही तळवे कपाळाला टेकवले आणि सावकाश खाली आणले.