दोन हात पाणी

नेपरव्हिलच्या नदीवरच्या छोट्या पुलावर एक म्हातारे गृहस्थ कठड्यावरून दोरी सोडून उभे होते. मासे धरत असतील म्हणून मी विचारलं, "काका, काही लागलं का?"

"तळ लागला," ते म्हणाले, आणि ओल्या दोरीच्या गाठी बोटांनी चाचपू लागले. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा होता. मी नागपूरची, पाण्याचा आणि माझा संबंध माठापुरता. मला वाटलं, काकांचं काहीतरी बिनसलंय. केळुसकरकाकांशी माझी ओळख झाली ती अशी.

ती दोरी त्यांच्या वडिलांची. ते कोकणच्या आगबोटीवर खलाशी होते. रात्री खाडीत शिरताना पुढे उभं राहून पाण्याची खोली सांगायची, हे त्यांचं काम. अंधारात डोळे काय कामाचे, म्हणून दोरीला हाताहातावर गाठ. पुढे रस्ते झाले, आगबोटी बंद पडल्या. काका इंजिनियर होऊन इकडे आले, पण दोरी सुटली नाही. माझा व्हिसा अडकला तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं, "पाण्याचो भरवसो नाय, पण पाण्याबिगर गत नाय."

त्यांचा खरा जीव मिसुरी नदीत अडकला होता. रेल्वे यायच्या आधी थोडी वर्षं आगबोटी या नदीनं पार माँटानाच्या डोंगरांपर्यंत जायच्या. वाटेत काठावरची झाडं तोडायची, बॉयलरमध्ये घालायची, पुढे निघायचं. बोट वाळूत रुतली की पुढच्या बाजूला दोन मोठे खांब नदीत रोवायचे, दोरखंडांनी बोट त्यांच्यावर उचलायची आणि पुढे ढकलायची. "कुबड्या घेऊन चालायची गो ती," काका सांगायचे, आणि सांगताना स्वतःच थक्क व्हायचे. शंभरदा ऐकूनही मी ते पुन्हा सांगायला लावायची.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा चाललाय, हिवाळ्यापर्यंत उजेड-अंधार तेवढा कळेल. काकांनी एकच मागितलं, मिसुरी दाखवा. त्यांची मुलगी केतकी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "बाबा, टू डेजचा ड्राइव्ह आहे. देअर्ज नथिंग देअर."

"आताच बघूक व्हयी. मगे डोळे खंय?" काका म्हणाले. ऑगस्टमध्ये आम्ही तिघं निघालो.

पोचलो, आणि नशीब बघा. वणवे पेटलेले. जिथे आगबोटींचा प्रवास संपायचा, त्या काठावर धुराशिवाय काही नव्हतं. समोरचा किनारा मला दिसेना, तर काकांना काय दिसणार? केतकी गाडीला टेकून रडू लागली. मला नदीचा, धुराचा, देवाचा, सगळ्यांचा राग आला.

काकांनी मात्र बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि दोरी घेऊन सरळ पाण्यात शिरले. केतकी धावली, त्यांचा दंड धरून पाण्यात उभी राहिली. पाणी कमरेला लागलं तेव्हा काकांनी गोळा सोडला आणि भिजलेल्या गाठीवर तिचं बोट ठेवलं.

"डोळे मीट," ते म्हणाले. "दोन हात. फक्त दोन हात पाणी, आणि ह्यातसून ती आगबोट मजल्यावर मजले घेऊन गेली. दिसली मा?"

केतकीनं डोळे मिटले, बोटानं गाठ चाचपली. मग म्हणाली, "दिसली, बाबा."

आता काकांना दिसत नाही. यंदा गणपतीत ते भेटेल त्याला सांगत होते, "मिसुरी बघून आलो." धुराचं आम्ही दोघी बोललो नाही. कोणीतरी केतकीला विचारलं, "कशी आहे गं नदी?"

तिनं कमरेशी हात आडवा धरला. "एवढी," ती मराठीत म्हणाली. आणि हात तसाच ठेवून पुढे म्हणाली, "त्यातून आगबोट गेली."