मेमरीच्या ठरावाला माझा होकार

ज्या माणसाचा तुम्हाला हेवा वाटतो, तो चुकतोय हे दिसत असूनही तुम्ही कधी गप्प बसलात का? मी बसलो. भर सभेत.

मी पत्रकं वाचत वाढलो. बापाने पेटीत जपलेल्या जंगल-जमिनीच्या पत्रकांवर अक्षरं ओळखली आणि पुढे आलापल्लीकडच्या आमच्या गावासाठी मीच पत्रकं लिहू लागलो. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचली जायची. मग माझ्याच वर्गात शिकलेली एक मुलगी नकाशे करायला शिकून गावात परतली. जंगलाची हद्द, नाले, मोहाची झाडं, सगळं तिने संगणकाच्या पडद्यावर आणलं. माणसं तिच्याभोवती जमू लागली आणि माझ्या पत्रकांत बाया भजी बांधू लागल्या. रेघा ओढायला काय अक्कल लागते, असं मी मनात म्हणायचो. नकाशा चांगला होता, म्हणूनच ते म्हणावं लागायचं.

नकाशा वाढला तसा तिचा संगणक अडकू लागला. शेजारच्या गावाच्या वनहक्काच्या दाव्यासाठीही नकाशा करायचा होता. तिने गोटुलात, म्हणजे जिथे आमची सभा भरते तिथे, ठराव ठेवला: आत्ता मेमरीची दोन मोठी कार्डं घ्यायची, तेंदूपानांचा हंगाम होऊन पैसे आले की नवा प्रोसेसर. दोन्हींची नावं वाचली.

तिचा मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर बसतात तो, माझ्या पत्रकांच्या संगणकात होता तसाच. त्यावर काय काय चालतं याची कंपनीच्या साइटवरची यादी मी स्वतःसाठी कितीदा पाहिली होती. त्या बोर्डात डीडीआर-फोर मेमरी चालते, तिने वाचलेली कार्डं त्याच जातीची होती; पण तिने वाचलेला प्रोसेसर त्यावर बसतच नाही. त्याला बोर्ड वेगळा, मेमरी डीडीआर-फाइव्ह. या दोन जातींच्या कार्डांची खाच वेगवेगळ्या जागी असते, कितीही दाबलं तरी एक दुसऱ्याच्या जागी जात नाही. याच बोर्डावर आणि याच मेमरीवर चालणारा दुसरा दमदार प्रोसेसर यादीत होता. त्याचं नाव सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

आमच्याकडे ठराव सगळ्यांच्या संमतीने होतो. जो गप्प बसला, त्याचा होकार धरतात. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काऊन रे, तुले समजते यातलं. बरोबर हाय ना?"

मी काडीने माती उकरत राहिलो. ठराव झाला.

हंगामानंतर चंद्रपूरहून प्रोसेसर आला आणि बोर्डावर बसला नाही. पुढच्या सभेत ती उभी राहिली. "चूक माही हाय. मी यादी पाह्यलीच नाई."

तिला कोणी टाकून बोललं नाही. तिच्या चुकीचीही लोकांनी अशी इज्जत ठेवावी, याचासुद्धा मला हेवा वाटला, आणि मग स्वतःची शिसारी आली. मी उठलो. "मले माहीत होतं," म्हणालो. "त्याच दिवशी."

मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग तवा काऊन नाई बोलला, बाबू? तोंडात तंबाखूचा खर्रा होता का?"

बाया हसल्या. ती हसली नाही. "उद्या पहिल्या बसनं चाल माह्यासंग," एवढंच म्हणाली. "यादीतला कोणता तो तूच दाखव दुकानदाराले."

दुकानदाराने कुरकुर करत प्रोसेसर बदलून दिला. मेमरी तीच चालली. पण शेजारच्या गावाचा नकाशा लांबला आणि त्या पावसाळ्याआधी त्यांचा दावा दाखल झाला नाही. ते माझ्या एका न बोललेल्या वाक्यामुळे. त्या गावच्या लोकांना मी हे पत्रक काढून कळवलं. त्याच्यात मात्र कोणी भजी बांधली नाहीत.

हेवा अजून जात नाही. तिचे नकाशे आता आणखी सुरेख होतात.

तुम्ही मेमरी घेणार असाल, तर आधी पुढचा प्रोसेसर ठरवा आणि तुमच्या बोर्डाच्या यादीत दोन्हींची नावं शोधा. आणि ज्याच्यावर तुम्ही जळता, तो चुकीची वस्तू आणायला निघाला असेल, तर त्याची बस सुटायच्या आत जा आणि त्याला सांगा.