दोरावरचा लाल पंचा

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. आप्पांपाशी नाही, बहिणीपाशी नाही. भजनाला बसून डोळे मिटते, तेव्हाही त्या एका सकाळीला बगल देऊनच मी पुढे जाते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगायला बसले आहे. ओळखत असता तर सांगितलं असतं का? ठाऊक नाही.

कुंभकोणमात मला ओळखतात ते मोटार चालवणारी बाई म्हणून. आमचं घर मराठी, तंजावरच्या मराठा राजांच्या वेळेपासून या मुलखातलं. आप्पा वकील. आई गेली, बहीण सासरी गेली, आप्पांची नजर अधू झाली — घरात आम्ही दोघंच उरलो. आप्पांनी एक जुनी मोटार घेतली आणि गोविंदनला ड्रायव्हर ठेवलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या मागे लागून मी मोटार शिकले. माझ्या नावाचं लायसन आलं त्या दिवशी आप्पांना अक्षरं दिसेनात, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. गावात दुसऱ्या कुठल्या बाईकडे ते नव्हतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगत असे — आता सांगायची लाज वाटते.

तंजावरचं एक लग्न आटोपून आम्ही परतत होतो. पापनाशमला मोटार बंद पडली. तिथे माझे काका राहत. मुक्काम त्यांच्याकडेच केला. सकाळी काकांनी आपली मोटार दिली. तिला दोर बांधून आमची गाडी कुंभकोणमच्या कारखान्यात न्यायची असं ठरलं. गोविंदन मला चिन्नम्मा, म्हणजे धाकट्या बाई, म्हणायचा. म्हणाला, "चिन्नम्मा, बैल लावू. वेळ लागेल, पण ते बरं." मी नाही म्हटलं. बैलांनी ओढत आणलेली मोटार, आणि तिच्यात मी, आमच्या गल्लीत? आप्पांना कोर्ट गाठायचं होतं हे खरं. पण मी नाही म्हटलं ते त्यासाठी नाही.

मग त्याने मला उभं करून सगळं समजावलं. मागच्या गाडीत बसणाऱ्याकडेही लायसन हवं, ते तुमच्याकडे आहे, म्हणून बसवतो, म्हणाला. पुढची गाडी मी माणसाच्या चालीने नेईन. मी हात बाहेर काढला की तुम्ही ब्रेक दाबायचा. दोर ढिला पडू द्यायचा नाही. ढिला दोर जमिनीवर लोळतो आणि ताणला की एकदम उठतो. शेवटी त्याने खांद्यावरचा आपला लाल पंचा काढला आणि दोराच्या बरोबर मध्यावर दोन गाठी मारून बांधला. "दोन गाड्यांच्या मध्ये दोर आहे हे रस्त्यावरच्या माणसाला कळायला नको का? कायदा आहे, चिन्नम्मा. आणि कायदा नसता तरी बांधला असता."

आप्पा पुढे त्याच्या शेजारी बसले. मागे मी एकटी.

पहिले काही मैल ठीक गेलं. मग रेल्वेचं फाटक लागलं, बंद होतं. बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन थांबल्या होत्या. एकीने दोराकडे बोट दाखवलं आणि तमिळमध्ये म्हणाली, गाय आणि वासरू पाहा. सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, वासराला लाल फीतही बांधली आहे. त्या माझ्याकडे पाहत होत्या — स्टिअरिंग धरून बसलेल्या, दुसऱ्याच्या मागे ओढल्या जाणाऱ्या माझ्याकडे. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. साध्या हसल्या होत्या.

गोविंदन फाटकवाल्याशी बोलत पुढे उभा होता. आप्पा डुलकी घेत होते. मी उतरले. दोर तपासल्यासारखं केलं. दोन्ही गाठी सोडल्या, पंच्याची घडी केली आणि सीटवर ठेवून तिच्यावर बसले.

हेच ते. हेच सांगायचं होतं.

फाटक उघडलं. आम्ही निघालो. दारासुरमला विणकरांच्या वस्तीपाशी रस्त्याच्या कडेने सकाळी ताणे पसरलेले असतात — काठ्यांवर ताणलेलं लांबच लांब रेशीम, त्याला खळ लावत माणसं पुढे-मागे फिरत असतात. गोविंदनने हात काढला, वेग कमी केला. मी ब्रेक उशिरा दाबला. गाडी पुढे सरकली आणि दोर ढिला होऊन मातीत पडला. मातीच्याच रंगाचा. कुप्पुसामी नावाचा विणकर हातात खळीचा कुंचा घेऊन थांबला होता. पुढची मोटार गेली असं पाहून तो रस्ता ओलांडायला लागला. त्याच क्षणी गोविंदनने गाडी पुढे घेतली. दोर उठला, त्याच्या पायांत आला, आणि तो माझ्या चाकापुढे आडवा झाला.

या वेळी मी ब्रेक वेळेवर दाबला. म्हणजे — पुरेसा वेळेवर नाही. चाक त्याच्या नडगीवरून गेलं आणि मग थांबलं. तो ओरडला नाही. श्वास आत ओढल्यासारखा एक आवाज आला, तेवढाच.

इन्स्पेक्टर आला. दोर पाहिला, लांबी मोजली, विचारलं, "निशाण कुठे आहे?" गोविंदन म्हणाला, "बांधलं होतं." तो वाकून रस्त्यावर शोधू लागला. पार मागच्या वळणापर्यंत शोधत गेला. मी गाडीतच बसून होते. सगळ्यांना वाटलं, बाई घाबरली आहे. कोणी मला उतरायला सांगितलं नाही.

आप्पांनी खिडकीशी येऊन विचारलं, "तू मागेच होतीस. पंचा होता का ग दोराला?"

मी म्हटलं, "मला दिसला नाही, आप्पा."

आप्पांना जे दिसत नसे ते मी सांगितलं की ते खरं धरत. इन्स्पेक्टरने तेच लिहून घेतलं. गोविंदनचं लायसन गेलं. आप्पा नोकराची चूक माफ करत, खोटं बोलणं कधीच नाही, म्हणून नोकरीही गेली. किल्ली परत द्यायला तो अंगणात आला तेव्हा मी पायरीवर होते. किल्ली त्याने माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक जरा ओढतो. पावसात सांभाळा." त्याला कळलं होतं का? कितीदा ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं आहे. कळलं असेल. नसेलही. ब्रेक मात्र खरोखरच ओढत होता.

पंचा मी न्हाणीच्या चुलीत जाळला. ओला नव्हता, चटकन पेटला.

गोविंदन पुढे नागपट्टणमकडे गेला, भाताच्या गोदामात पोती उचलायला. त्या वयात. दोन वर्षांनी तिथेच वारल्याचं कानावर आलं. तेव्हा आप्पा होते. तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी त्यांना ताक नेऊन दिलं आणि पेपर वाचून दाखवला.

कुप्पुसामीचा पाय वाकडा बसला. मागावर पाय लागतात. आता त्याची बायको विणते आणि तो ओट्यावर बसून कांड्या भरतो. युद्धामुळे पेट्रोल चिठ्ठीवर मिळतं, मोटार क्वचितच बाहेर निघते. पण दारासुरमवरून गेले की तो मला ओळखतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, ड्रायव्हर बेफिकीर होता, या अम्मांनी ब्रेक मारला म्हणून मी जगलो. गेल्या महिन्यात भिंतीचा आधार घेत तो उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

मीही हात जोडले, आणि गाडी पुढे नेली.