चौथीचा वर्ग

मला मनात वाचता येत नाही. मोठ्यानं वाचलं तरच कळतं. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी तसंच शिकवलं होतं. स्वल्पविरामाला पायाचा अंगठा एकदा टेकवायचा, पूर्णविरामाला दोनदा. चौथीनंतर शाळा सुटली, पण ती सवय सुटली नाही. अजूनही चपलेच्या आत अंगठा आपोआप हलतो. ओठ मिटून वाचायला गेले की अक्षरं नुसती उभी राहतात, पुढं सरकत नाहीत.

लग्न करून मुलुंडला आले त्याला पुष्कळ वर्षं झाली. यामुळं कधी काही अडलं नाही, कारण वाचायचं होतंच काय? लाईटचं बिल आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव. चार घरच्या चपात्या लाटून दुपारी घरी यायचं, एवढंच.

मग आमच्या बिल्डिंगमध्ये वाचनालयाच्या ताई यायला लागल्या. स्टेशनकडच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल. दर बुधवारी दोन पिशव्या भरून पुस्तकं आणायच्या आणि तळमजल्यावर बालवाडीच्या खोलीत चटईवर मांडायच्या. बायका रांगोळीची नाहीतर लोणच्यांची पुस्तकं उचलायच्या. मी दाराशी सगळ्यांच्या मागं उभी. एकदा ताईंनी तिथवर येऊन माझ्या हातात एक कादंबरी ठेवली. नदीकाठच्या गावात नोकरीला गेलेल्या एका नर्सची गोष्ट होती.

घरी पुस्तक उघडलं. आमचे हे रात्रपाळीचे वॉचमन, दुपारी झोपतात. मी दोन ओळी वाचल्या तर त्यांनी कूस बदलली.

"कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही. वाचते."

"मग वाच की गप."

गप कसं वाचतात तेच मला येत नव्हतं.

म्हणून मी जिन्यात गेले. लिफ्ट चालू असली की जिन्यात कुणी फिरकत नाही. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये पायरीवर बसून वाचायला लागले. चौथ्या दिवशी सातव्या मजल्यावरचं पहिलं दार उघडलं. तिथं एक आजी राहतात. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली.

"कोण गं ती?"

"मी, आजी. सहाशे चारमधली." मी उठून उभी राहिले. "त्रास झाला का?"

"त्रास कसला? त्या नर्सला डॉक्टर भेटला का नाही, ते सांग."

तीन दिवस त्या दाराआडून ऐकत होत्या. त्यांनी चाचपडत आपली प्लास्टिकची खुर्ची बाहेर आणली आणि बसल्या. "आता पहिल्यापासून वाच. सुरुवातीला माझा कुकर वाजत होता."

दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघी भाजी निवडायला घेऊन आल्या. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळं माझ्यासारखीचा आवाजसुद्धा भरदार वाटायचा. पण घुमून तो आठव्या मजल्यावर जात होता. तिथल्या एका मुलाचं ऑफिसचं काम घरून चालतं. त्याच्या मीटिंगमध्ये साहेबानं विचारलं म्हणे, तुमच्याकडे पोथी लावली आहे का? तो कमिटीकडे गेला. दोन दिवसांत कागद चिकटला, जिन्यात बसू नये. त्याच सुमारास बालवाडीची खोलीही कमिटीनं शिकवणीला दिली. ताई आता गेटजवळच्या बाकावर पुस्तकं मांडायच्या आणि बायका उभ्या उभ्याच घेऊन जायच्या.

आमची नर्स तेव्हा नेमकी होडीत होती. नदीला पूर, होडीत बाळंतीण, आणि नावाड्याच्या हातातलं वल्हं मोडलेलं.

मी ठरवलं, वाचनालयातच जायचं. तिथं वाचायलाच तर बसतात.

एका सकाळी कामाला सुट्टी घेऊन गेले, तर ताई बाहेर गेलेल्या. काउंटरवरच्या क्लार्कनं सभासदाचा अर्ज दिला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढं छापलं होतं, 'वर्ग'. मी लिहिलं, चौथी.

क्लार्कनं ते वाचलं आणि हसू दाबलं. मग दाबायचं सोडून दिलं. "मावशी, हा शाळेचा वर्ग नाही हो. अ वर्ग म्हणजे दोन पुस्तकं, ब वर्ग म्हणजे एक. चौथी आमच्याकडे नाही!" शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुलीही हसल्या. मी ब लिहून दिलं.

वाचायच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि अगदी हळू, माशी गुणगुणावी तसं, सुरू केलं. एक पानसुद्धा झालं नसेल. क्लार्क येऊन भिंतीवरच्या पाटीवर पेन्सिल वाजवून गेला. पाटीवर लिहिलं होतं, शांतता राखा.

"मावशी, एवढं तरी वाचता येतं ना?"

मी पुस्तक पिशवीत टाकून बाहेर पडले. परत इथं पाय ठेवायचा नाही, असं म्हणत बाजारापर्यंत गेले. कोथिंबीर घेतली. संध्याकाळी आजींना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. त्या रोज दार उघडून विचारायच्या, "होडी लागली का गं काठाला?" मी एकटी कुठंतरी वाचून त्यांना सांगू शकले असते. पण ते सांगणं झालं असतं, वाचणं नाही.

भाजीवाल्या बाई बारा वाजले म्हणून छत्री बंद करून सावलीत सरकल्या, आणि माझ्या लक्षात आलं. वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असतं.

बुधवारी गेटजवळ मी ताईंना विचारलं. इतकं लांब वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "ताई, वाचनालय बंद असतं तेव्हा आत मोठ्यानं वाचलं, तर शांतता कुणाची मोडेल?"

ताई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "मी मागं एकदा दुपारचं विचारलं होतं. कार्यवाह नाही म्हणाले. मी पडले नोकर. पण पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे. तिथं सभासदानं विषय काढला तर त्यांना उत्तर द्यावं लागतं."

"कोण काढणार?"

"सभासद तुम्ही आहात."

चार माणसांत मला बोलता येत नाही. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायची वेळ आली की मी आत चहा बघायला जाते. पण वाचताना माझा आवाज निघतो, हे जिन्यात कळलं होतं. मग बोलायचं कशाला, वाचूच की. वहीचं पान फाडलं, लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आजींच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवलं.

"बारीक वाचतेस," आजी म्हणाल्या. "होडी बुडायला आली तेव्हा कशी वाचत होतीस? तसं वाच."

सभेत पंचवीस-तीस माणसं असतील. अहवाल झाला, चहा आला. कार्यवाह म्हणाले, "आणखी कुणाला काही मांडायचंय?" मी उभी राहिले. खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"नाव? सभासद वर्ग?" त्यांना इतिवृत्तात लिहायचं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चौथी."

सभा हसली. क्लार्क सगळ्यात मोठ्यानं. मी खाली बसणारच होते. पण हातात कागद होता आणि कागदावर पहिलं वाक्य तयार होतं. मी अंगठा टेकवला आणि वाचायला लागले.

"वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असते. आमची कामे तेव्हाच संपतात. आमच्यातल्या काही जणींना मनात वाचता येत नाही, काहींना मुळीच येत नाही, त्या ऐकतात. आवाज केल्याशिवाय आमचे पुस्तक पुढे जात नाही. दर बुधवारी दोन ते तीन आम्हाला आत बसू द्यावे. त्या वेळी आत दुसरे कोणी नसते. जाताना खोली झाडून जाऊ."

हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी खाली बघत होते.

"कल्पना ठीक आहे," कार्यवाह म्हणाले, "पण कुलूप कोण उघडणार? दुपारी यांची जेवायची सुट्टी."

क्लार्क म्हणाला, "मी आतच जेवतो, साहेब. पण गोंगाटात मला जेवण जात नाही."

"मग पोट तरी कमी होईल!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि या वेळी सभा क्लार्कला हसली.

एक महिना करून बघू, असं ठरलं.

पहिल्या बुधवारी आजींना रिक्षानं नेलं. पायऱ्यांवर मी एक हात धरला, भाजी निवडणाऱ्या दोघींतल्या एकीनं दुसरा. बाहेर 'बंद' अशी पाटी लटकत होती. क्लार्कनं कुलूप काढलं आणि रजिस्टर पुढं ओढलं. "उपक्रमाचं नाव लिहावं लागतं. काय लिहू, चौथीचा वर्ग?"

"लिहा," मी म्हटलं.

त्यानं मान वर करून पाहिलं. मी तशीच उभी राहिले. मग त्यानं लिहिलं. डबा उचलून तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी दार लावायला गेले.

"असू दे थोडं उघडं," तो पाठमोराच म्हणाला. "वारा येतो."

बरोबर 'शांतता राखा'च्या पाटीखालीच जागा मिळाली. सवयीनं मी हळूच सुरू केलं.

"पंख्यात काही ऐकू येत नाही," आजी म्हणाल्या.

मी होडीचं पान पहिल्या ओळीपासून परत घेतलं, जिन्यात वाचायचे तेवढ्या आवाजात. पाणी वर आलं, बाळंतीण ओरडली, नर्सनं स्वतः हातानंच होडी वल्हवायला सुरुवात केली. भाजी निवडणारीच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. शेवटी होडीचं टोक वाळूला लागलं.

"लागली," आजी म्हणाल्या.

मी अंगठा दोनदा टेकवला आणि पान उलटलं.