पाण्याला सांगितलेला भाव

चंद्रपुरात चैत्रातल्या देवीच्या यात्रेला तेलंगणातून पुष्कळ माणसं येतात. टोपल्या विकून मी दुकान उभं केलं, वर दोन खोल्या बांधल्या. यात्रेत त्या भाड्याने जातात. तेलुगू मला आकड्यांपुरतीच येते. तेवढ्यावर इतकी वर्षं भागलं होतं.

त्या वर्षी यात्रेच्या मैदानाच्या दारासमोरची माझी नेहमीची जागा दुसऱ्याला दिली होती. पंधरा वर्षं मी तिथे टोपल्या मांडल्या, आणि मला कोणी साधं विचारलंही नाही. तो राग अजून गेलेला नाही. त्या दिवशी तर सकाळपासून येईल त्याच्यावर मी खेकसत होतो.

भर दुपारी एक म्हातारा बायकोला घेऊन दुकानापुढे थांबला. त्याने काहीतरी विचारलं, दोनदा, तीनदा. खोलीच हवी असणार, असं मी धरून चाललो. म्हातारीने छपराचा खांब धरला होता, डोळे मिटले होते. थकलेलं गिऱ्हाईक लांब जात नाही. म्हणून मी नेहमीपेक्षा चढा आकडा सांगितला. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला, मग तिला सावरत चालू लागला. मी मुद्दाम पाठ फिरवली. निघालेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही, ते आपणहून वळतं. माझा सगळा धंदा यावरच उभा आहे.

शेजारी चहा विकणारी बाई सिरोंचाकडची, तेलुगू सहज बोलणारी. ती ओरडली, "काऊन भाऊ, पानी काऊन नाई देल्लं त्याले?"

"खोली मांगत होता. येईल वापस."

"कायची खोली! बायकोले चक्कर येऊन राह्यली, घोटभर पानी द्या म्हणे. अन् तू भाव सांगून राह्यला! लाज नाई वाटत तुले?"

मडक्यातून लोटा भरून मी धावलो. बाई मागोमाग आली. म्हातारी रस्त्याकडेला, एका उभ्या ट्रॅक्टरच्या सावलीत आडवी झाली होती, डोकं नवऱ्याच्या मांडीवर. मला पाहून त्याने लोट्याला हात लावला नाही. आधी कमरेची गाठ सोडली आणि मघाचा आकडा म्हणत नोटा पुढे केल्या.

तेलुगूत नको कसं म्हणतात, ते मला येत नव्हतं. मी नुसती मान हलवत राहिलो. शेवटी बाईने लोटा माझ्या हातून ओढून घेतला आणि म्हातारीच्या तोंडाला लावला. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. बाई म्हाताऱ्याशी काही बोलली. त्याचा चेहरा निवळला आणि त्याने मला हात जोडले.

"काय सांगतलं त्याले?" मी विचारलं.

"भाऊ चांगला हाय म्हटलं, तुमची बोली नाई समजली त्याले."

बोली समजली नव्हती, हे खरं. पण म्हातारीची अवस्था मला चांगली समजली होती, आणि भाव मी त्या अवस्थेचाच केला होता. ते बाईला सांगायला, तिच्याकरवी त्याला सांगायला, माझी जीभ उचलली नाही. मीही हात जोडले.