सलूनवाल्या सासऱ्यांची कॉफी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला आणि एकाच्याही कातडीला ओरखडा उठू दिला नाही. हे वाक्य मूळ त्यांचं आहे. पण मी ते इतक्या जणांना ऐकवलंय, की आता ते निम्मं माझ्या मालकीचं झालंय. कोपऱ्यावरचं सलून त्यांचं स्वतःचं होतं. आरसे लख्ख, कात्र्या उतरत्या क्रमानं मांडलेल्या आणि फरशीवर केसाचा तुकडा दिसला तर आधी तो उचलायचा, मग पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं, असा खाक्या.

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन आपण पाय ब्रेकवर ठेवून बसायचं, हा माझा धंदा. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, असं घरचे म्हणतात. खरंच आहे ते. उगाच कोणाचं कौतुक करायची मला सवय नाही. सासऱ्यांचं करते, कारण ते त्यांनी कमावलंय.

त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा आधी आम्हाला कळलंच नाही. ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून काम रेटत होते. मग एका सकाळी नेहमीचं गिऱ्हाईक गळ्याला फेस लावून, डोळे मिटून खुर्चीत पडलेलं, आणि यांनी वस्तरा उघडला तर पातं हलताना आरशात दिसलं. त्यांनी वस्तरा मिटला, टॉवेलनं तो सगळा फेस पुसून काढला आणि म्हणाले, "आज दुसरीकडे जा. माझ्याच्यानं व्हायचं नाही." त्याच महिन्यात दुकान एका तरुण कारागिराला देऊन टाकलं. कुणी सांगायच्या आत, एकही चूक व्हायच्या आत ते थांबले. एवढं धाडस माझ्यात आहे का, मला शंका आहे.

पण घरी बसले आणि माणूस विझायला लागला. त्यातच एकदा चहाचं उकळतं भांडं त्यांच्या हातून निसटलं आणि पाय भाजला. माझा नवरा विम्याच्या ऑफिसात आहे, त्याला एरवीही सगळीकडे अपघातच दिसतात. त्यानं फतवा काढला, "बाबा, आजपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. काय हवं ते मागा, हातात मिळेल." झालं. मागायचं म्हणजे काय, हे ज्या माणसानं कधी केलं नव्हतं, तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बाहेरच्या खोलीत बसून राहायला लागला. पाहुणे आले की त्यांच्यासमोर मी कप ठेवायची, बाबांसमोरही मीच ठेवायची. बाबा म्हणायचे, "घ्या ना, घ्या," आणि ओशाळून हसायचे. मला ते हसणं बघवायचं नाही.

तर अशातच ते एकदा सहज आपल्या जुन्या दुकानात डोकावले. नव्या मालकानं तिथं कॉफीचं छोटं मशीन ठेवलं होतं, थांबलेल्या लोकांसाठी. त्यानं बाबांना मानानं बसवलं आणि कॉफी करून दिली. बाबांनी प्यायली किती कोण जाणे, पण बघितली मात्र बारकाईनं. घरी येऊन मला म्हणाले, "सूनबाई, त्यात काही ओतावं लागत नाही गं. जाळ नाही, भांडं नाही. कॉफी भरलेली ती छोटी कॅप्सूल खाचेत सोडायची, वरचा दांडा खाली ओढायचा, बटण दाबायचं. दांडा तर माझ्या दुकानातल्या खुर्चीच्या दांड्यासारखाच आहे. हात हलला तरी त्याला काही फरक पडत नाही."

पुढच्या आठवड्यात मशीन घरात आलं. काळं, बुटकं, पावाच्या लादीएवढं. बाबांनी ते ओट्याच्या कडेला, खिडकीपाशी ठेवलं आणि लगेच फडक्यानं पुसून काढलं. नवरा ऑफिसातून आला आणि बघतच राहिला.

"हे काय खूळ? घरात चहा मिळत नाही का यांना?"

"मिळतो," मी म्हटलं. "तेच तर दुखणं आहे. मिळतो."

त्याला ते कळलं नाही आणि मी समजावत बसले नाही. भाजायचा प्रश्नच नाही, हे मात्र त्याला पुस्तिकेतली चित्रं दाखवून पटवलं. विम्यातल्या माणसाला छापील कागद लागतो.

पहिल्या कॉफीचा किस्सा सांगायलाच हवा. मशीनच्या मागे पाण्याची टाकी असते. ती नळाखाली भरून आणायची तर हिंदकळणार, म्हणून बाबांनी शक्कल लढवली. दुकानातली केसांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली त्यांनी जपून ठेवली होती. ती त्यांच्या मुठीत पक्की बसते. तिनं पाणी आणून, झाकण काढून टाकी भरली. पहिला कप नवऱ्याला दिला. त्यानं घोट घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की काय सांगू.

"बाबा, याला दाढीनंतर लावायच्या पाण्याचा वास येतोय."

"बाटली धुतली होती मी," बाबा म्हणाले. मग स्वतः वास घेतला. "गुलाबपाणी आहे. चांगल्यातलं होतं."

आम्ही हसून हसून बेजार. नवराही हसला, आणि त्या हसण्यात त्यानं कप संपवला हे त्याच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नवी कोरी बाटली आणून दिली. जुनी त्यांनी परत कपाटात ठेवली.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघराचं सलून झालं. ओट्यापाशी एक उंच स्टूल आलं. कुणी घरी आलं की बाबा त्याला बाहेर बसूच द्यायचे नाहीत. "आत या, इथं बसा," म्हणून स्टुलावर बसवायचे. रुमाल झटकून समोर अंथरायचे, तो झटका अगदी दुकानातला. मग विचारायचे, "कशी करू? कडक, मध्यम की नुसती नावाला?" कोपर ओट्यावर टेकवून कॅप्सूल खाचेत सोडायची, दांडा ओढायचा. मशीन घरघरायला लागलं की ते हात मागे बांधून उभे राहायचे आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. कप भरला की म्हणायचे, "घ्या उचलून." समोरचा हात लांब करून कप घ्यायचा. बाबांना तो कधी कुणापर्यंत न्यावाच लागायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून येताना हटकून थांबायच्या, आणि त्यांच्यासारख्या हुशार बाईच्याही ही युक्ती ध्यानात आली नव्हती. त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पांची हौस आहे. मला सगळं दिसत होतं. मी कुणाला बोलले नाही, पण मनातून अशी फुशारले होते की विचारू नका.

आणि मग मोठ्या काकांचा फोन आला. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. तेही याच धंद्यातले, आणि बाबांना वस्तरा धरायला शिकवलं ते त्यांनीच. माणूस कडक. बाबांच्या कामाला त्यांनी जन्मात कधी "बरं आहे" म्हटलं नाही. "चालेल" हा त्यांचा सर्वांत मोठा शब्द, आणि तोही बाबांच्या वाट्याला क्वचितच यायचा. फोन मी स्पीकरवर टाकला होता. काका म्हणाले, "रविवारी येतोय. धाकट्याचे हात गेले म्हणे? चालायचंच. आता बसवून खाऊ घाला त्याला."

बाबा समोरच बसले होते. मी घाईघाईनं स्पीकर बंद केला, पण जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं. ते उठले, मशीनवरची नसलेली धूळ पुसली आणि आम्हा दोघांना म्हणाले, "दादांना कॉफी मी देणार. माझ्या हातानं. मध्ये कुणी यायचं नाही."

"आणि सांडली त्यांच्या अंगावर तर?" नवरा म्हणाला.

"तर सांडेल."

"बाबा, काका आधीच तसं बोलतात. त्यांच्यासमोर काही झालं तर तुम्हालाच लागेल ते. त्यापेक्षा ही चहा करेल, सगळे बसून पिऊ."

"मला मध्ये ओढू नकोस," मी म्हटलं. नवरा बिचारा प्रेमानंच बोलत होता, ते काय मला कळत नव्हतं? पण त्याचं प्रेम म्हणजे माणसाला गादीत गुंडाळून ठेवायचं. तरी त्याच्या समाधानासाठी मी रविवारी चहाचं आधण ठेवायचं कबूल केलं.

रविवारी काका आले. हातात काठी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाबांनी दारातच सांगितलं, "दादा, आत चला, स्वयंपाकघरात. तुमच्यासाठी जागा केलीय."

"स्वयंपाकघरात काय बसायचंय?" काका म्हणाले आणि बाहेरच्या सोफ्यात जे रुतले ते रुतले. "या गुडघ्यापायी आता मला कुणी उठवू नका. काय असेल ते इथं आणा."

बाबांचा चेहरा मी पाहिला. सगळी मांडणी एका वाक्यात मोडली होती. ते आत गेले. मशीन घरघरलं, थांबलं. आम्ही तिघं बाहेर काहीतरी बोलत होतो, हवेबद्दल बहुतेक. मग आतून बशीवर कप वाजायला लागला. एक पाऊल, दोन पावलं, आणि आवाज वाढतच गेला. काकांनी मान खाली घातली. मी उठले, नवरा उठला.

"कुणी आत येऊ नका," बाबांचा आवाज आला.

कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. नवरा माझ्याकडे बघून खुणेनंच म्हणाला, चहा आण. मी जागची हलले नाही. गाडी उतारावर सुटली की मी ब्रेक दाबते, तेवढंच मला येतं, आणि इथं ब्रेक माझ्या पायाखाली नव्हता. हा माणूस आता आतून ते ओशाळं हसू घेऊन बाहेर येणार आणि "घ्या ना, घ्या" म्हणणार, आणि ते मला बघायचं नव्हतं.

आतून प्लग ओढल्याचा खटका ऐकू आला. आणि बाबा बाहेर आले ते अख्खं मशीन छातीशी कवटाळून. दोन्ही हातांची घट्ट मिठी, वायर खांद्यावर टाकलेली, मागच्या टाकीतलं पाणी हिंदकळून सदरा भिजलेला. घट्ट धरलेल्या वजनामुळे हात जवळजवळ स्थिर होते. त्यांनी मशीन काकांच्या पुढ्यातल्या टीपॉयवर ठेवलं, वायर नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "लाव तिकडं."

नवऱ्यानं निमूट लावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं धोक्याची सूचना दिली नाही.

"हे रे काय, धाकट्या?" काका म्हणाले.

"जे गिऱ्हाईक उठू शकत नाही, त्याच्या घरी आपण हजामतीची पेटी घेऊन जायचो ना दादा? तुम्हीच पाठवायचात मला. तसंच."

"मी काय अंथरुणाला खिळलोय का?"

"मग उठा आणि आत चला."

काका उठले नाहीत. बाबांनी आत जाऊन कप आणला, रिकामा. रिकामा कप कितीही वाजला तरी त्यातून काय सांडणार? तो त्यांनी मशीनच्या तोंडाखाली ठेवला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, करंगळी मशीनच्या कडेवर टेकवली आणि कॅप्सूल सोडली. ती पहिल्या वेळी खाचेच्या कडेला लागून खाली पडली. कुणी वाकलं नाही. बाबांनीच ती उचलली, पुसली, पुन्हा सोडली. दांडा ओढला. काका त्यांच्या हातांकडे बघत होते, अगदी टक लावून. पूर्वी शिकवताना असेच बघत असणार.

"कशी करू?" बाबांनी विचारलं.

"कडक," काका म्हणाले.

कॉफी पडली, वर बदामी फेस आला. "घ्या उचलून." काकांनी वाकून कप घेतला, एक घोट घेतला, दुसरा घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत कप रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बरं आहे." मग जरा थांबून, "आणखी एक कर."

बाबांनी भिजलेला सदरा ओढून सरळ केला. इतक्या वर्षांत त्यांना मी एवढं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"थांबावं लागेल, दादा. आधी हिचा नंबर आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ये सूनबाई, बस. कशी करू?"

मी आत जाऊन चहाचा गॅस बंद केला आणि काकांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्यासमोर कप आला. काका रिकामा कप मांडीवर धरून आपल्या नंबराची वाट बघत होते. मी मुद्दाम सावकाश प्यायले.